एवा आली की उघडू

मित्रांनो, गाडी यायच्या आत सांगून टाकायचंय, म्हणून घाई आहे. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लीड्समधल्या एका घराच्या दारात, हिरव्या बिनमध्ये, दुधाच्या रिकाम्या बाटल्यांच्या गर्दीत तोंड वर करून पडलोय. आज रिसायकलिंगचा दिवस. कोपऱ्यावरच्या घरांचे बिन रिकामे होतायत, ते मला इथे ऐकू येतंय. तेव्हा मध्येच कुणी बोलू नका.

माझ्या अंगावर बर्फातली एक लाकडी झोपडी रंगवलेली आहे. तिच्या धुराड्यातून धूर निघतोय. चित्र खरं आहे बरं का. कॅनडात, क्विबेकच्या रानात, अशाच एका झोपडीत मला भरलं. थंडी सरता सरता, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, त्या दिवसांत मेपलच्या झाडात रस चढतो. खोडाला बारीक भोक पाडून तो थेंब थेंब गोळा करतात. चवीला जवळजवळ पाणीच. मग तो आटवायचा. चाळीस बादल्या आटवल्या की जेमतेम एक बादली पाक हाती लागतो, बाकी सगळी वाफ. त्यात वरून साखर नाही, रंग नाही, काही म्हणजे काही नाही. एवढ्या उठाठेवीनं मला भरलं आणि पक्कं सील केलं. मला वाटलं, आता आठवड्याभरात कुणीतरी मला फोडणार आणि बोटं चाटणार. भोळा होतो मी.

मला विकत घेतलं एवानं. एवा इनुइट आहे, बर्फाळ उत्तरेतल्या मूळ लोकांपैकी. तिचं गाव त्याच क्विबेकच्या पार उत्तरेला, जिथे मेपलच काय, झाड म्हणून उगवत नाही. नर्सिंग शिकायला ती मॉन्ट्रियालला आली, तेव्हा तिच्या खोलीत राहायला होती अक्षया. अक्षया इथली, लीड्सचीच, एका वर्षासाठी तिकडे शिकायला गेलेली. दोघींची गट्टी जमली ती जमलीच. पुढे काही वर्षांनी एवा तिला भेटायला लीड्सला आली. अक्षयाचं लग्न होऊन मायरा पाळण्यात होती. एवाच्या बॅगेत मी होतो आणि माझा जुळा भाऊ होता.

या घरात राज्य अक्षयाच्या आईचं, यमुनाबाईंचं. कराडहून लग्न होऊन इकडे आल्या आणि आयुष्यभर लीड्सच्या थंडीला नावं ठेवत इथेच राहिल्या. नवरा गेल्यावर लेकीकडे आल्या, पण स्वयंपाकघर ताब्यात घेऊनच. एवानं माझ्या भावाला आल्या आल्या फोडायला लावलं. यमुनाबाईंनी गरम घावनावर धार सोडली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "काकवीच की ही. पण झाडाची." मला इतकं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं हो. मी शेजारी बसून नुसता फुगलो.

जेवणं झाल्यावर एवा म्हणाली, आमच्याकडे बायकांचा एक खेळ असतो, तो दाखवते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकींचे दंड धरायचे. एकीनं श्वासातून, घशाच्या तळातून आवाज टाकायचा. तो जिथे तुटतो, त्या फटीत दुसरीनं आपला आवाज बसवायचा. वारा, रानबदकं, बर्फावरून घासत जाणारी गाडी, सगळं घशातून निघतं. जी आधी हसेल ती हरली. एवाच्या आजीच्या लहानपणी मिशनऱ्यांनी हे पाप ठरवून बंद पाडलं होतं. आजीनं ते लपूनछपून जपलं आणि नातीच्या घशात ठेवलं.

एवानं अक्षयाचे दंड धरले आणि सुरुवात केली. अरे देवा, काय आवाज तो! माझा पत्रा थरथरला. अक्षयाला दोन श्वासांतच हसू फुटलं. अक्षयाचा नवरा अनिश तोंड दाबून बागेत निघून गेला. यमुनाबाई मात्र कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि लेकीला बाजूला सारलं. "अगं, हा तर पकवा," त्या म्हणाल्या.

पकवा म्हणजे काय, ते मलाही तेव्हाच कळलं. फुगडी घालताना बायका दम साधून तोंडानं फू-फू, पक्-पक् असा ठेका धरतात, तो पकवा. यमुनाबाई त्यात पटाईत. इथल्या मंडळाच्या मंगळागौरीत त्यांचा पकवा सुरू झाला की बाकीच्या गप्प बसायच्या. पण अक्षया शाळेत होती तेव्हा एकदा मैत्रिणींसमोर आईला म्हणाली होती, "आई, स्टॉप ना, इट्स सो वीयर्ड." त्या दिवसापासून यमुनाबाईंनी पकवा टाकला. लेकीला शिकवायचं तर नावच नाही.

आणि त्या दुपारी तो परत आला. एवाच्या श्वासात यमुनाबाईंची फू, यमुनाबाईंच्या फूमध्ये एवाचं घुमणं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण श्वासाला श्वास असा लागत होता की मायरासुद्धा पाळण्यात गप्प झाली. शेवटी यमुनाबाईंना हसू आवरलं नाही. हरल्या. एवाच्या नाकापुढे बोट नाचवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी बघते तुला." एवाला शब्द कळले नाहीत, पण आव्हान बरोबर कळलं.

आता माझ्या भावाचं काय झालं ते ऐका. एवा सांगून गेली होती की फोडलेला डबा बरणीत ओतून फ्रिजमध्ये ठेवा. ती गेल्यावर यमुनाबाईंनी तो पत्र्यातच, वर फडकं बांधून, फडताळात ठेवला. त्यांचं म्हणणं, काकवीला काय होतंय, आमच्याकडे ती वर्षभर फडताळातच असायची. महिन्याभरात भावाच्या तोंडावर बुरशी आली. एवानं फोनवर सांगितलं की वरची काढून टाका, उकळून घ्या, चालतं. पण तोवर तो सिंकमधून वाहून गेला होता. यमुनाबाईंना फार लागलं ते. पाहुणीनं प्रेमानं आणलेली खरी चीज आपल्या हातून नासली म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत धड. मग मला उचलून कपाटाच्या टपावर ठेवलं आणि जाहीर केलं, "एवा आली की उघडू."

झालं. मी वर गेलो तो गेलोच. शेजारी कधी न वापरलेला डिनर सेट, पाहुण्यांसाठीचे टॉवेल, दिवाळीचे दिवे. एवाचं येणं लांबत गेलं. कधी तिची ड्यूटी, कधी तिकीट, कधी तिच्या आईचं आजारपण. इथे वर्षातून एकदा घरोघरी घावनासारखे गोड पॅनकेक करतात, त्या पॅनकेक डेला दर वर्षी खाली टेबलावर यायची ती पिळायची प्लास्टिकची बाटली. अंगावर मेपलचं पान, आणि पोटात रंग घातलेला मक्याचा पाक! मायरा तो पाक चाटून म्हणायची, मला मेपल फार आवडतं. मी वरून ओरडायचो, अगं ते मी नव्हे, मी इथे आहे. पत्र्याचं ओरडणं कोण ऐकतो? माझ्यावर धूळ साचली, झोपडीचा रंग उडाला. मायरा शाळेत जाऊ लागली, तरी मी वरच.

आणि या हिवाळ्यात यमुनाबाई स्वयंपाकघरातच कोसळल्या.

स्ट्रोक. उजवी बाजू लुळी पडली. शब्द गेलेच, पण हुं की चूं असा आवाजही उरला नाही. कित्येक आठवड्यांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा खालच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोरच पलंग मांडला. त्यामुळे मला वरून सगळं दिसायचं. दिसू नये असं वाटायचं. स्पीच थेरपिस्ट बाई येऊन सांगून गेल्या की नीट बसवून, घट्ट काही चमच्यानं दिलं तर त्यांना गिळता येतंय, मी तपासलंय. पण यमुनाबाईंना गिळायचंच नव्हतं. चमचा आला की ओठ घट्ट. नजर भिंतीला. बाई दिसामाशी नाही, दिवसागणिक वाळत चालली.

मग घरी तपासायला येणाऱ्या नर्सनं स्पष्टच सांगितलं. सोमवारी मी येईन. तोवर असंच राहिलं तर परत हॉस्पिटल, नाकातून नळी, आणि नंतर बहुधा नर्सिंग होम. बोलली चांगल्या शब्दांत, पण अक्षया ऐकून पांढरी पडली.

काय काय केलं नाही त्या पोरीनं! आरत्या लावल्या, जुनी गाणी लावली. श्रीखंड केलं, आमटी दाट करून आणली. मायरानं शाळेतलं गाणं म्हटलं. अनिशनं कराडच्या नातेवाइकांना व्हिडिओवर आणलं. सगळे रडले, यमुनाबाई सोडून. शनिवारी अक्षया वाटी हातात घेऊन पलंगाशी जमिनीवरच बसली. "आई, प्लीज," ती म्हणाली. "एकदा तरी माझ्यावर ओरड ना."

यमुनाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मी वर नुसता जळत होतो. मित्रांनो, माझ्या पोटात एका रानाचा गोडवा भरलेला, घट्ट, चमच्याला धरून राहील असा, आणि मधे केवढासा तो पत्रा. पण मला हात नाहीत. खाली उडी मारता आली असती तर मी मारली असती.

रविवारी दुपारी अक्षयानं एवाला फोन लावला. एवा यायला निघालीच होती, पण तिच्या गावी बर्फाचं वादळ सुरू होतं आणि विमानं बंद. टॅबलेटच्या पडद्यावर ती दिसली, मागची खिडकी पांढरीफटक. तिनं यमुनाबाईंना हाक मारली. यमुनाबाईंची नजर भिंतीवरच. मग तिनं घशातून आवाज टाकायला सुरुवात केली.

पण हा खेळ दोघींचा. एकटीनं केला की अर्धाच होतो. ती आवाज टाकायची आणि पुढे दुसरीची जागा मोकळी सोडायची. ती जागा तशीच रिकामी जायची. आवाज, आणि काही नाही. आवाज, आणि काही नाही. ऐकवत नव्हतं मला. एवाला धाप लागायची, ती थांबायची, परत सुरू करायची.

न राहवून अक्षयानं आईचा डावा हात धरला आणि त्या रिकाम्या जागेत फुंकर घातली. फू. चुकली. एवाच्या आवाजावरच पडली. परत फू. परत चुकली. कधी शिकलीच नव्हती ना ती. रडत होती, नाक ओढत होती आणि वेड्यासारखी फू-फू करत होती, सगळी भलत्याच जागी.

यमुनाबाईंची भुवई वर गेली. ती भुवई मी ओळखतो. अक्षयाची पोळी वाकडी झाली की ती अशीच चढायची. मग त्यांचा डावा हात हलला. लेकीचा हात त्यांनी दाबला आणि हिसका दिला, आत्ता नाही म्हणून. दुसरा हिसका, आत्ता. तरी लेक चुकली. तेव्हा यमुनाबाईंनी तोंड भिंतीकडून पडद्याकडे वळवलं आणि वाकड्या ओठांतून आवाज आला.

फू.

बारीक, फाटका, पण बरोबर जागी. पुढच्या फटीत आणखी एक. मग आणखी एक. अक्षया दगडासारखी बसली. एवा थांबली नाही, नर्स आहे ती, अशा वेळी थांबायचं नसतं हे तिला माहीत. दोघींचा श्वास एकमेकींत गुंतला. अडखळला, सुटला, परत लागला. आणि मग एवालाच हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही खदखदून हसतेय.

"आई!" मायरा ओरडली. "आजी जिंकली!"

यमुनाबाईंनी मान टेकली. दमल्या होत्या. पण नजर भिंतीकडे गेली नाही. ती वर आली, दारातून, कपाटाच्या टपावर, थेट माझ्यावर. एवा आली होती ना. कशी का होईना, आली होती.

अक्षयाला कळलं. तिनं खुर्ची ओढली, मला खाली घेतलं, धूळ पुसली. ओपनर माझ्या डोक्यात घुसला तेव्हा दुखलं असेल म्हणाल, पण मला तर मोकळं झाल्यासारखं वाटलं. आईला नीट उठवून बसवलं आणि चमच्याच्या टोकावर मला थोडंसं घेऊन ती ओठांशी गेली. ओठ उघडले. यमुनाबाईंनी गिळलं. थांबल्या. आणि पुन्हा तोंड उघडलं.

सोमवारी नर्स आली तेव्हा वाटीभर दाट खीर पोटात गेली होती, आणि तिच्यात मी होतो. नळी तूर्त टळली. शब्द अजून आलेले नाहीत, येतील की नाही कुणी सांगत नाही. अक्षया रोज सकाळी आईचा हात धरून पकवा शिकते आणि रोज हरते. मला या वेळी बरणीत ओतून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. काल शेवटचा चमचा झाला, आणि पत्रा इथे बिनमध्ये आला.

माझं दुःख नाही मला. मी रिकामा झालो, यासाठीच तर भरला गेलो होतो. पण मित्रांनो, तुमच्याही कपाटावर असं कुणी वाट बघत बसलं असेल. त्याला आजच खाली काढा. पाहुणे येईपर्यंत थांबू नका, माणसं कोसळतात. आणि कुणाचा आवाज कानाला विचित्र वाटला, तर हसत बागेत निघून जाऊ नका. बसा, ऐका. त्यात तुमच्यासाठी जागा सोडलेली असते, आणि ती रिकामी गेली की फार वाईट वाटतं हो.

गाडी शेजारच्या दाराशी आली बघा. काय हा खडखडाट! आणि नेमकी आत्ताच आतली खिडकी उघडलीय. फू, फू, ऐकताय ना? सुरू झालं त्यांचं. अहो गाडीवाले, जरा थांबा, इंजिन बंद करा. आज आधी कोण हसतंय, तेवढं ऐकू द्या मला.