उलटी रिंग

लेकीची मोटारसायकल निळा धूर ओकायला लागली, तेव्हा अण्णांनी ती गॅरेजला जाऊ दिली नाही. "माझा जन्म गेला इंजिनं उघडण्यात, आणि घरची गाडी परक्याकडे?"

त्यांनी दारातच पोतं पसरून इंजिन खोललं. सिलिंडर आतून झिजून ओरखडला होता. तो लेथवर बोअर करून, म्हणजे आतून कातून गुळगुळीत करून आणला, नवा पिस्टन, त्यावर नव्या रिंगा घातल्या. नजर अंधूक झालेली. सगळं हाताच्या सवयीवर.

धूर काही थांबला नाही. "रिंगा बसायला वेळ लागतो गं," अण्णा म्हणाले. लेक नर्स होती. रोज ड्युटीला जाताना मागचे लोक हॉर्न मारून शिव्या घालायचे. शेवटी तिने गुपचूप गाडी एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने इंजिन उघडून रिंग तिच्यासमोर धरली.

"उलटी बसवलीय, ताई. रिंगेवर कोरलेलं हे बारीक अक्षर वर हवं. कोणाचं काम हे?"

"आहे एक जण," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

बिनधुराची गाडी पाहून अण्णा खुलले. "बसल्या की नाही रिंगा?"

"हो ना!" तिला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखलं.

पण अण्णांना चेव चढला. त्यांनी शेजारच्या काकांची धूर सोडणारी गाडी दुरुस्तीला मागून घेतली. सुट्टीच्या सकाळी लेक बाहेर आली, तर बोअर होऊन आलेला सिलिंडर शेजारी ठेवून अण्णा चाचपत पिस्टनवर रिंग चढवत होते. काका कौतुकाने बघत होते. अक्षर खाली होतं.

गप्प राहावं तर काकांच्या इंजिनाची वाट, बोलावं तर अण्णांची शोभा.

"अण्णा, रिंग उलटी जातेय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"आपल्या गाडीतही उलटीच होती. मी... मी बाहेरून परत करून आणली."

काकांनी पायात चपला सरकवल्या. "मी आलोच हं," म्हणत ते आपल्या घरी गेले.

अण्णा ती रिंग पुसत राहिले. "हात आहे, चुकतो. पण मी गल्लीभर छाती फुगवून सांगत फिरलो, आणि तू नुसती ऐकत होतीस?"

तिचे कान तापले. अण्णांनी रिंग पुढे केली.

"सांग, अक्षर कुठंय?"

ती खाली बसली. ती बघून सांगायची, ते बसवायचे. कामापलीकडे अवाक्षर नाही.

दुपारी काकांची गाडी सुरू झाली. धुराचा पत्ता नव्हता. काका परत आले होते. "अण्णा, हात अजून तस्साच आहे तुमचा!"

"माझा कसला? हिने बघून दिलं म्हणून झालं," अण्णा शांतपणे म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. काका हसत तिच्याकडे वळले. ती मान खाली घालून पाने-पकडी गोळा करत राहिली.