वाकडी बैठक

धाकटीला पहिल्यापासून वाटत होतं, की यात थोरलीचाच हात आहे.

तिचा कुत्रा ढब्बू तीन महिने शिकवणीला जात होता. मैदानावरचे मास्तर पूर्वी पोलिसांची कुत्री तयार करायचे. त्यांचा हट्ट एकच: कुत्र्याने डाव्या बाजूला बसायचं, खांदा मालकाच्या गुडघ्याच्या रेषेत, अंग सरळ, बोटभर पुढे नाही की मागे नाही. ढब्बू तसा बसायचाही. पण परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि त्याचं बिनसलं. धाकटी थांबली की तो पुढे सरकायचा आणि ढुंगण बाहेर काढून, तिच्या तोंडाकडे बघत वाकडा बसायचा.

मास्तर म्हणाले, "खाऊ जिथून मिळतो, कुत्रा तिकडे वळतो. समोरून कोण देतंय ते बघा."

एवढं पुरे झालं. घरात माणसं पाच, आणि कुत्रा नको म्हणणारी एकच, तिची मोठी जाऊ. तीच आताशा ढब्बूशी गोड बोलू लागली होती. धाकटीने बिस्किटांच्या डब्यावर पेन्सिलीने खूण केली. दोन दिवसांत बिस्किटं खुणेच्या खाली गेली. दुपारी थोरली सासऱ्यांच्या खोलीत दार लोटून बसायची आणि बाहेर येताना हात झटकायची. त्या खोलीची खिडकी मागच्या अंगणात उघडायची, आणि ढब्बू तेव्हा अंगणातच असायचा. शिवणयंत्रावरून धाकटी हे सारं तिरक्या नजरेने टिपत होती. त्या नादात एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली, तर त्याचंही खापर तिने मनात थोरलीवरच फोडलं.

डबा तिने कुलपात ठेवला. ढब्बू वाकडाच बसत राहिला.

शेवटी जेवताना, सगळ्यांदेखत, तिने विचारून टाकलं. थोरली घास ताटात ठेवून उठून गेली. चोराच्या मनात चांदणं, असं धाकटीला वाटलं.

रविवारी मास्तरांनी तिला ढब्बूबरोबर चालायला लावून फोनवर चित्रण केलं. दाखवताना एका जागी थांबले.

"हा हात कुणाचा?"

तिचाच. डावा खांदा आखडल्यापासून खिशात हात घालताना कळ यायची, म्हणून ती नकळत उजव्या हाताने, पोटासमोरून खाऊ भरवत होती. ढब्बू बिचारा हाताकडे तोंड करत होता.

घरी येऊन तिने कमरेला पुढे बांधायची पिशवी शिवली आणि डाव्या हाताने, मांडीला हात चिकटवून खाऊ द्यायला लागली. नवव्या दिवशी ढब्बू सुतासारखा सरळ बसला. माफी मागायला मात्र तिला त्याहून जास्त दिवस लागले.

थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. "बिस्किटं मीच काढत होते," ती म्हणाली. "बाबांसाठी. डॉक्टरांनी गोड कमी सांगितलंय, बंद नाही. तुला कळलं असतं तर तू एकही मिळू दिलं नसतंस."

धाकटीने ढिगातली एक चादर घडीला घेतली. ते खरं होतं.

"आणि विचारायचंच होतं, तर मला एकटीला विचारायचंस."

ढब्बू परीक्षेत पास झाला. थोरली एवढंच म्हणाली, की सरळ बसला म्हणे एकदाचा. हे कौतुक की टोमणा, यावर धाकटीने दोन दिवस डोकं शिणवलं. मग स्वयंपाकघरात दुसरं कुणी नाही असं बघून तिने विचारलं.

"टोमणाच होता," थोरली म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.