मोठी आई माझ्यावर का चढायची

मी एक स्टूल बोलतोय. चार पाय, एक फळकूट, उंची दीड हात. माझा एक पाय जरासा तोकडा आहे, पण ते मी लगेच कुणाला सांगत नाही. बसल्यावर कळतंच.

माझा जन्म एका भांडणातून झाला. घरचे मालक ताडमाड उंच. बायको कामाला गेलेली असताना त्यांनी मोठ्या हौसेने स्वयंपाकघरात फळ्या ठोकून घेतल्या, आणि मापाला उभे राहिले स्वतः. बायको टेलिफोन एक्सचेंजमधून दुपारी घरी आली, तिने हात वर केला, तो कसाबसा दुसऱ्या फळीला लागला. ती शांतपणे म्हणाली, "फळ्या सुरेख झाल्यात. आता यावर डबे ठेवायला तुम्ही रोज रजा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी सुतार पुन्हा दारात. फळी काढली तर भिंतीचा गिलावा निघणार होता, म्हणून त्याने उरलेल्या लाकडातून मला जोडलं. मापासाठी त्याने तिची उंची विचारली. "फळीची घ्या की," ती म्हणाली, "माझी कशाला हवी?"

हीच ती मोठी आई. पुढे नातवंडं आणि शेजारपाजारची सगळी माणसं तिला याच नावाने हाक मारायची आणि हाक मारताना मान खाली करायची, कारण ती कुणाच्याही खांद्याच्या वर कधी पोचली नाही. मूर्ती लहान, पण आवाज असा की दोन खोल्या पलीकडचा माणूससुद्धा आधी चपला नीट लावून मग आत यायचा.

सगळ्यात वरच्या फळीवर पत्र्याचे सात डबे होते. रोज संध्याकाळी मोठी आई माझ्यावर चढून ते डबे पुसायची. घरात याबद्दल वेगवेगळी मतं होती. थोरल्याला लहानपणी वाटायचं, वर खाऊ लपवलाय. धाकट्याला वाटायचं, त्याची जप्त केलेली गलोल तिथे आहे. पुढे थोरली सून आली, तिला तर खात्रीच होती की सासूबाई साखर किती संपली ते बघतात. पस्तीस वर्षं ती बिचारी त्या धाकात चहा गोड करत होती.

खरं सांगू? डबे रिकामे होते. सातच्या सात.

डब्यांच्या मागे भिंतीत वीतभर झरोका होता. त्यातून थेट बस थांबते तो कोपरा दिसायचा. मोठी आई डबा जरा सरकवायची आणि कोण येतंय ते बघायची. एवढंच.

पण ती नुसती बघायची नाही, चालीवरून माणूस वाचायची. नवरा पिशवी डाव्या हातात घेऊन आला, म्हणजे आज साहेबांशी वाजलं. थोरला पाय घासत आला, म्हणजे गणिताचा पेपर गेला. घंटा वाजेपर्यंत ती खाली उतरून चुलीपाशी उभी, चहाला आधण आलेलं, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण सकाळपासून इथेच आहोत. "आईला सगळं आधीच कसं कळतं?" असं मुलं विचारायची. "आई आहे मी," ती म्हणायची. ताकास तूर लागू दिली नाही तिने. शुद्ध फसवणूक होती ती, आणि मी त्यात सामील होतो.

मालक गेले, त्यानंतरही ती त्यांच्या वेळेला चढायची. पहिले काही दिवस नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहायची. डबा हातात, फडकं हातात, पुसणं मात्र नाही. मी तेव्हा जराही डगमगलो नाही. तोकड्या पायाने हे किती कठीण असतं ते मलाच ठाऊक.

तिने ब्याऐंशी पूर्ण केली आणि थोरल्याने फर्मान काढलं, "आई, आता चढायचं नाही. पडलीस म्हणजे?"

"साठ वर्षांत पडले का?"

"म्हणूनच म्हणतो, आता पडशील."

या तर्कापुढे कोण बोलणार! ती ऐकेना, तेव्हा थोरल्याने मला माळ्यावर टाकून दिलं. स्वतः साठीला आलेला माणूस, डुगडुगत्या खुर्चीवर चढून, आईने चढू नये म्हणून स्टूल लपवत होता. मला हसू येत होतं, पण लाकडाचं हसू कोण ऐकतो?

तिसऱ्या दिवशी मोठी आई धाकट्याच्या ऑफिसच्या खुर्चीवर चढली. चाकं लावलेली खुर्ची. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. खुर्ची एका दिशेला गेली, मोठी आई दुसऱ्या. मनगट मोडलं आणि कंबरेने कायमचा असहकार पुकारला.

थोरला तिच्या पलंगाशी बसून रडला. "माझ्यामुळे झालं, आई. साखर बघायला एवढं काय..."

"कसली साखर?" मोठी आई म्हणाली. स्वयंपाकघरात सुनेच्या हातातला चमचा थांबला.

मग तिने सगळं सांगितलं. थोरल्याने मला माळ्यावरून काढलं, वर चढला, डबा सरकवला आणि कितीतरी वेळ खाली आलाच नाही. शेवटी पलंगावरून आवाज आला, "नुसता काय उभा राहिलायस? कोण येतंय ते सांग!"

"धाकटा येतोय. भरभर चालतोय."

"मान खाली की वर?"

"खाली."

"मग भांडून आलाय. काही विचारू नका, आधी चहा टाका."

पुढची जवळजवळ आठ वर्षं हे असंच चाललं. थोरला वर, मोठी आई पलंगावर, सून चुलीशी. थोरल्याला माणसं दिसायची, पण कळायची नाहीत. "नीट बघ रे, डोळे आहेत की बटणं?" असं ती ओरडायची. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती.

नव्वदीला दोन महिने कमी असताना मोठी आई दुपारच्या झोपेतच गेली. मला तिची फार आठवण येते, हे सरळच सांगतो. तिच्या टाचांना भेगा होत्या. पॉलिश केलेल्या लाकडाला त्याही गोड वाटतात.

आणि आता माझी दशा बघा. लोक मला मान देताहेत! बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलंय, वर भरतकामाचा रुमाल, रुमालावर मोठ्या आईचा फोटो. थोरला झरोक्याकडे फिरकतही नाही. "खालून विचारणारं कोणी नाही," असं बायकोला एकदा म्हणाला. येणारे पाहुणे मला हात लावून हळहळतात, आणि एकही जण माझ्यावर चढत नाही. बाबांनो, फोटोला भिंत आहे. मला पाय हवेत.

काल थोरला फिरायला गेला तो सात वाजले तरी परतला नाही. फोन घरीच विसरलेला. सून दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सासूबाई, जरा सरका," ती म्हणाली. फोटो उचलून तिने सोफ्यावर ठेवला, रुमाल खांद्यावर टाकला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. गुडघ्यावर हात ठेवून, कुरकुरत, ती वर चढली. डबा सरकवला.

कोपऱ्यावर अजून कोणी नव्हतं. ती उतरली नाही.