कमरेएवढ्या लाटा

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, पण त्यांना चष्मेवाला कुणी म्हणत नाही. अंदाजवाले म्हणतात. रोज उजाडताना बंधाऱ्यावर जाऊन उभं राहायचं, नदी समुद्राला मिळते तिथल्या लाटा बघायच्या, वारा कुठून येतोय ते बघायचं, भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा आणि दुकान उघडायच्या आत दिवसाचा अंदाज फोनवरून सगळ्यांना पाठवायचा, हा त्यांचा नेम. फळी घेऊन लाटांवर स्वार होणारी माणसं तो वाचून ठरवतात, आज पाण्यात जायचं की झोपून राहायचं. माझ्या वाढदिवसाची तारीख ह्यांना दरवर्षी सांगावी लागते, पण गेल्या हिवाळ्यात पाण्याखालचा वाळूचा दांडा नदीच्या मुखाच्या कुठल्या अंगाला होता, ते झोपेतून उठवून विचारा.

ह्या अंदाजाची एक गंमत आहे. तो खरा नसतो. नदीच्या तोंडाशी लाट फुटायची जागा एवढीशी, मूठभर माणसांत भरून जाणारी. बाहेरून गाड्याच्या गाड्या आल्या की आमच्या लोकांना पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून हे लाट उतरवून लिहितात. डोक्याएवढी असेल तर छातीएवढी, छातीएवढी असेल तर गुडघ्याएवढी. वारा चांगला असेल तर "वाऱ्याचा भरवसा नाही." आणि दिवस अगदीच सोन्यासारखा उगवला तर एक ठरलेलं वाक्य टाकतात : "लाटांत जोर नाही, शिकाऊ लोकांपुरतं ठीक." हे वाचून बाहेरचा पट्टीचा माणूस कूस बदलून झोपतो आणि इथला प्लंबर हातातलं काम टाकून फळी उचलतो. इथल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही. कुठलं कुत्रं चावतं ते जसं आपोआप कळतं, तसंच हेही.

मी ह्यांना पुष्कळदा टोकलं होतं की एवढं खोटं लिहून जेवण कसं जातं. ते म्हणायचे, खोटं कुठे, थोडं हात राखून लिहितो इतकंच.

त्या दिवशी सकाळपासूनच माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वरच्या मजल्यावर माझं शिवणयंत्र खिडकीशी आहे. एका गिऱ्हाइकाचे पडदे शिवायला घेतले होते आणि शिवण सारखी वाकडी जात होती. उसवायची, पुन्हा घालायची. खिडकीतून नदी दिसत होती. वरच्या डोंगरात आठवडाभर पाऊस झाल्यामुळे पाणी गढूळ, फुगलेलं, आणि ओहोटी लागली की ते सगळं एकदम समुद्राकडे धावणार. हे बंधाऱ्यावरून परतले ते गुणगुणत. हा माणूस एरवी गुणगुणत नाही. मी विचारलं तर म्हणाले, पुराने वाळूचा नवा दांडा घातलाय, अगदी हवा तिथे. लांबची लाट येऊन पोचलीये, जमिनीकडून मतलई वारा सुटलाय, लाटा दीड पुरुष उठतायत. वर्षातून असा दिवस एकदाच मिळतो म्हणे. मी म्हटलं, मग तुम्ही का नाही जात? तर गुडघ्यावर हात ठेवून हसले आणि खाली दुकान उघडायला गेले.

जावई आदल्या संध्याकाळी आला होता. लेकीला कामामुळे निघता आलं नव्हतं, ती दुसऱ्या दिवशी येणार होती. जावई औषधविक्रेता. आतल्या शहरात वाढलेला, समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो लग्नाच्या बोलणीला आला तेव्हा. स्वभावाने इतका सरळ की बघवत नाही. बाटलीवर दोन चमचे लिहिलं तर दोनच चमचे. कुणी मुद्दाम चुकीचं लिहील हे त्याच्या गावीही नसतं. सासऱ्याबद्दल त्याला भलतं कौतुक. ह्यांचा अंदाज तो तिकडे, समुद्रापासून कितीतरी कोस लांब बसून रोज वाचायचा आणि फोन केला की आवर्जून म्हणायचा, "बाबा, आज छातीएवढ्या होत्या ना?" हे गालात हसून हो म्हणायचे. ह्यांनी त्याला कधी एकेरीत हाक मारली नाही. फार मान द्यायचे. त्या मानामुळे दोघं एका खोलीत बसले तरी मधे टेबल असल्यासारखे बसायचे.

तो अजून झोपला असेल म्हणून मी त्याच्या खोलीचं दार वाजवलं नव्हतं. शेवटी शिवण तिसऱ्यांदा वाकडी गेली, तशी यंत्र थांबवून चहाला उठले. जिन्याखाली ह्यांची जुनी फळी उभी असते. ती जागेवर नव्हती. मागच्या दाराशी जावयाचे बूट होते, मोजे नीट घडी करून आत कोंबलेले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. म्हणाली, तो उठलाय का? मी म्हटलं, घरात दिसत नाही. मग तिने एका दमात सांगितलं. गेले काही महिने तो दर रविवारी लांबच्या एका उथळ किनाऱ्यावर जाऊन फळीवर उभं राहायला शिकत होता. बाबांना चकित करायचं होतं. आणि आज सकाळी तिला निरोप टाकून गेला होता : "बाबांनी लिहिलंय, कमरेएवढ्या, शिकाऊ लोकांपुरतं ठीक. माझाच दिवस आहे."

"आई," ती म्हणाली, "खरं किती आहे?"

मी म्हटलं, तू त्याला सांगितलं नव्हतंस? ती म्हणाली, मला वाटलं बाबांनी सांगितलं असेल. मला वाटलं होतं तिने सांगितलं असेल. ह्यांना काय वाटलं होतं ते देव जाणे. फोन तसाच हातात धरून मी जिना उतरले.

दुकानात हे एका आजीबाईंचे डोळे तपासत होते. आजींच्या नाकावर ती लोखंडी चौकट, हे भिंग बदलून विचारतायत, आता स्पष्ट दिसतंय की आधी होतं? मी दारातूनच म्हटलं, जावई मुखाशी पाण्यात गेलाय. तुमचा अंदाज वाचून.

ह्यांचा हात तसाच राहिला. आजी म्हणाल्या, आता काहीच दिसत नाही.

बंधाऱ्यापर्यंतचा रस्ता तो काय, पण त्या दिवशी संपेना. हे गुडघ्याने अधू, तरी माझ्या पुढे. वाटेत एकच वाक्य बोलले, ओहोटी लागून बराच वेळ झाला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर रस्त्यात तमाशा झाला असता. आणि रागाच्या खाली भीती होती, ती तर बोलूनही दाखवता येत नव्हती. नदी आमच्या बाजूने चालली होती, आमच्यापेक्षा कितीतरी जोरात.

मुखाशी पाणी दोन रंगांचं झालं होतं. अलीकडे तांबडं, पलीकडे हिरवं, आणि दोन्ही मिळत होती तिथे लाटा उठत होत्या. मी जन्मभर इथे राहिले आहे, मला लाटेचं भय नाही. पण त्या लाटा पाहून मी बंधाऱ्याचा कठडा धरला. माणूस उभा राहिला तरी वर आणखी अर्धा माणूस मावेल एवढ्या. वाहून आलेलं एक झाड, मुळांसकट, त्यांत वरखाली होत होतं. आमची चार-पाच माणसं दांड्याच्या उजव्या अंगाला फळ्यांवर बसलेली, दिवस साजरा करत. जावई कुठेच नव्हता.

ह्यांनीच तो आधी पाहिला. बोट दाखवलं. नदीच्या ओढीने तो दांड्याच्या पार, झाडाच्याही पलीकडे गेला होता. फळी पायाला बांधायची दोरी तुटलेली, फळी वेगळी, तो वेगळा. काळं डोकं दिसायचं, मग लाट यायची, मग दिसायचं नाही. दर वेळी मी श्वास धरून बसायची आणि दर वेळी वाटायचं, आता वर येत नाही. हे अंगातला शर्ट काढून दोन्ही हातांनी फिरवत होते, घसा फुटेस्तोवर ओरडत होते, पण वारा जमिनीवरून समुद्राकडे असूनही लाटांच्या आवाजापुढे त्यांचं कुणाला ऐकू जात नव्हतं. त्यांना पाण्याकडे धावताना बघून मी मागून कमरेला मिठी मारली. म्हटलं, एकाच दिवशी दोघं जायला नकोत मला.

शेवटी त्या फळ्यांवरच्या माणसांतल्या प्लंबरने शर्ट पाहिला. तो वळला, त्याने इतरांना खूण केली आणि तो नि आणखी एक जण असे दोघं फळ्यांवर पोटावर पडून हातांनी पाणी मारत निघाले. ते तिथवर पोचेपर्यंत मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. ह्यांना आठवतं. त्यांनी ते पुन्हा कधी काढलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांनी जावयाला एका फळीवर आडवा घातला आणि नदीला टाळून, लांबचा वळसा घेत, खालच्या वाळूवर आणलं. त्याने ओकून ओकून पाणी काढलं. बरगडीला झाडाचा ओरखडा, ओठ निळे. पण जिवंत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि पोटभर रडले.

मग आम्ही सगळे आमच्या स्वयंपाकघरात. जावयाला दोन घोंगड्यांत गुंडाळून चुलीपाशी बसवलं, हातात चहा दिला. ह्यांनी समोरच्या खुर्चीत बसून चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिले. प्लंबर दारात उभा, अंगावरून पाणी गळतंय, आत यायला तयार नाही. त्याला काहीतरी बोलायचं होतं. बराच वेळ चुळबूळ करून म्हणाला, जावईबुवांना पाण्यात उतरताना आम्ही पाहिलं होतं, पण ओळखलं नाही. बाहेरचा कुणी वाटला. "अंदाजवाल्यांचे जावई आहेत कळलं असतं तर तेव्हाच हाक मारली असती."

जावयाने त्याला हात जोडले. खरोखर हात जोडले. मग ह्यांच्याकडे वळून, दात वाजत असताना, म्हणाला, "बाबा, माफ करा. तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं शिकाऊ लोकांपुरतं. मला तेवढंही जमलं नाही. कमरेएवढ्या लाटांत मी घाबरलो."

प्लंबर जमिनीकडे बघू लागला. ह्यांचं पुसणं थांबलं, पण तोंड उघडेना. ती शांतता अशीच लांबली असती तर सगळं मिटलंही असतं. जावयाने आयुष्यभर स्वतःला भित्रा समजलं असतं, आणि सासऱ्याचा अंदाज रोज सकाळी वाचला असता. माझ्या मस्तकात तिडीक उठली.

"बोला," मी म्हटलं. "नाहीतर मी बोलते."

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला. मग बोलले. लाटा कमरेएवढ्या नव्हत्या. दीड पुरुष होत्या. शिकाऊ माणसाने तर बंधाऱ्यावरूनही बघू नयेत अशा. तुमचं काही चुकलं नाही, म्हणाले.

जावयाला ते लगेच उमगलं नाही. तो ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, चुकीचं औषध दिलं गेलंय असं कळल्यावर बघावं तसा. "म्हणजे अंदाज चुकला?"

"नाही. कमी करून लिहितो मी. नेहमीच."

"का?"

"तुमच्यासारखी बाहेरची माणसं येऊ नयेत म्हणून."

हे वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं, मला माहीत आहे. इतकी वर्षं ज्याला त्याला हेच उत्तर दिलेलं, तसंच तोंडातून गेलं. गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

जावयाने चहाचा कप जपून खाली ठेवला. "हे कुणाकुणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

प्लंबर म्हणाला, इथल्या सगळ्यांना.

जावई माझ्याकडे वळला. मलाही माहीत होतं, अशी मी मान हलवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा होता, सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे. मी घाईने तो त्याच्यापुढे धरला. म्हटलं, बोल तिच्याशी, तिचा जीव टांगणीला लागलाय.

तो फोनवरच्या तिच्या नावाकडे पाहत राहिला. मग घोंगडी खांद्यावर ओढून घेत हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच सांगा, आई. तुमच्या घरातली गोष्ट आहे."

मी फोन कानाला लावला. लेक विचारत होती, तो बरा आहे ना, आणि मला हो म्हणवेना.