आगपेटीच्या विटांचा ताजमहाल

फुलसिंगनं उभ्या आयुष्यात एकच थाप मारली, पण ती एवढी मोठी की बायकोनं तिच्यावर चार महिने विटा रचल्या.

अनसिंगजवळच्या बंजारा तांड्यातला हा वीटभट्टीवाला. आठ वर्षांपूर्वी आग्र्याचा ताजमहाल बघून येतो म्हणून ऐटीत निघाला आणि वाटेत भेटलेल्या ठेकेदाराच्या ट्रकमधून गेला औरंगाबादला, भट्टीच्या कामावर. तिथं त्यानं बीबीचा मकबरा पाहिला. घुमट होता, चार मिनार होते. घरी आल्यावर बायकोनं, जमनाबाईनं विचारलं, "पाह्यला?" गडी म्हणाला, "पाह्यला!" शहाण्यानं पुढं गप्प बसावं की नाही? पण हा दर खेपेला एक नवी खिडकी सांगायचा.

यंदा अनसिंगला शेतकी प्रदर्शन भरणार म्हटल्यावर जमनाबाईनंच हट्ट धरला, आपण विटांचा ताजमहाल मांडायचा. साचा म्हणून आगपेटी. आतून राख फासायची, मळलेली माती दाबून भरायची, इवलीशी वीट पाडायची. पेट्या ओलाव्यानं फुगून फुटायच्या, म्हणून तांड्यातले बिडीवाले रिकाम्या पेट्या तिच्यासाठी राखून ठेवायचे. तो सांगायचा, ती रचायची. एक मिनार तर त्याच्या शब्दाखातर तिनं तीनदा उतरवून पुन्हा चढवला. खरं सांगून टाकायची संधी त्याला रोज होती आणि रोज त्यानं ती घालवली.

प्रदर्शनात लोकांची झुंबड उडाली. आग्र्याला रेल्वेत नोकरी करून आलेले बबनराव पुढं आले आणि सगळ्या बाजूंनी निरखून म्हणाले, "काम लय बारीक केलं गड्या. पन हा ताजमहाल नोहे. हा औरंगाबादचा मकबरा होय."

लोक खो खो हसले. जमनाबाई उसळली. "आमच्या घरच्यायनं सोताच्या डोयानं पाह्यला!" तिनं घुमटावर हात ठेवला. "सेवालाल महाराजाची आन घेऊन सांगतो मी..."

तांड्यात ही आण उगाच कुणी घेत नाही, खोटी तर नाहीच नाही. फुलसिंगनं पुढं होऊन तिचं मनगट धरलं.

"जमना, हात काढ," तो म्हणाला. "औरंगाबादच हाये. आग्रा म्या पाह्यलाच नाही."

हसणं थांबलं. त्यापेक्षा लोक हसत राहिले असते तर बरं, असं त्याला वाटलं. पण खरी लाज लोकांची नव्हतीच. जमनाबाईच्या बोटांच्या चिरांत अजून लाल माती होती आणि ती बोटं ती ओढणीखाली लपवत होती, जसा काही गुन्हा तिचाच. ते पाहून फुलसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग जमनाबाई बबनरावांकडं वळली.

"दादा, खरा कसा हाये? तुमी सांगा मले."

बबनराव सांगू लागले. मधूनमधून ती काहीबाही विचारत होती. फुलसिंगकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.