मस्कतच्या नळांची बैठक

व्रजलालभाई कोटेचांना या सोयरिकीत मिळायचं होतं ते असं : तिशी ओलांडलेल्या हर्षिदाला चांगलं घर, जामनगरात पितळेच्या नळांचा कारखाना काढणारा जावई, आणि बायको गेल्यापासून मागं लागलेल्या “मुलीचं काय ठरलं?” या प्रश्नातून सुटका. द्यायचं काहीच नव्हतं. मुलाचे वडील गोकळदास राइचुरांनी हुंडाही नको म्हटलं होतं. एवढा स्वस्त सौदा समोर आला की व्रजलालभाई एरवी चष्मा पुसून पुन्हा बघत. या वेळी त्यांनी तो पुसला नाही.

गल्लीत कुणी नवा धंदा काढणार असेल तर पैसे घालण्याआधी व्रजलालभाईंच्या ओसरीवर बैठक व्हायची. धंदा मांडायचा, आणि त्यांनी तो मोडून दाखवायचा. वीज गेली तर? कारागीर पळाला तर? गिऱ्हाईक फिरलं तर? भाच्याचा बर्फाचा कारखाना त्यांनी असाच मोडला होता. भाचा रुसला, पण पुढं ज्यानं तो कारखाना काढला त्याचे हाल बघून पेढे घेऊन आला. व्रजलालभाईंनी हो म्हटलं की लोक डोळे मिटून पैसे काढत.

राइचुरांच्या कारखान्याची बैठक रविवारी होती. शनिवारीच गोकळदास सहकुटुंब दारात.

“मुहूर्त फार छान आहे हो. गूळ-धणे आजच करून टाकू. शुभ कामाला उशीर कशाला?”

गूळ-धणे तोंडात पडले की सोयरीक पक्की. आणि त्यानंतर मुलीच्या बापानं व्याह्यांच्या कुठल्याही गोष्टीत खोट काढायची नाही, ही रीत. मुहूर्त बैठकीच्या आदल्याच दिवशी का, हे व्रजलालभाईंच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण हर्षिदानं आईची साडी नेसली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि गूळ खाल्ला.

रविवारी गाठिया आले, त्यांच्या तोंडी लावायला कच्च्या पपईचा संभारो आला. फरसाणवाला मनुभाई आला, पापड लाटून पैसे साठवलेली विधवा हंसाबेन आली. गोकळदासांनी नळाचा नमुना मधोमध ठेवला.

“मस्कतचा व्यापारी आहे. जेवढा माल निघेल तेवढा तो एकटा उचलणार. साचेसुद्धा त्याच्याच मापाचे.”

व्रजलालभाईंनी नळ उचलला, आट्यांवरून अंगठा फिरवला. हे आटे इथल्या कुठल्याच नळाला बसणारे नव्हते. त्या एका माणसानं मान फिरवली की हा सगळा माल भंगार, साच्यांसकट. त्यांनी नळ खाली ठेवला.

“काका, विचारा की!” मनुभाई म्हणाला. “आज तलवार म्यानात का?”

“व्याही आता काय बोलणार!” गोकळदास हसले. “तोंडात अजून गूळ आहे त्यांच्या.”

सगळे हसले. हंसाबेन हसली नाही.

“भाई, मला यातलं काही कळत नाही. मी कागद बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघते. घालू का?”

व्रजलालभाईंनी रकाबी तिच्याकडे सरकवली.

“चहा घ्या बेन. निवतोय.”

“काका विचारत नाहीत म्हणजे आतून सगळं तपासलेलं दिसतंय,” मनुभाईनं निकाल दिला. “लेक देतायत, आणखी काय पाहिजे?” त्यानं दुकान गहाण टाकायचं ठरवलं. हंसाबेननं मान डोलावली.

ओसरी रिकामी झाल्यावर हर्षिदा कपबश्या उचलायला आली.

“पप्पा, गिऱ्हाईक फिरलं तर?”

“मी विचारलं असतं तर त्यांनी सोयरीक मोडली असती.”

“मोडू द्यायची होती.”

“तुझं वय बघ जरा.”

“माझ्या वयाची किंमत हंसाबेननं का भरायची?”

दुसऱ्या दिवशी व्रजलालभाई गोकळदासांकडे गेले, आडून आडून म्हणाले, आणखी एखादं गिऱ्हाईक बघून ठेवलं तर? गोकळदासांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “मुलीच्या बापाला आमच्या धंद्यात बोट घालायची हौस असेल तर आत्ताच सांगा.” तिथून ते हंसाबेनच्या दारात गेले. तिनं कारखान्याच्या नावानं लापशी केली होती. पहिली वाटी त्यांना दिली, म्हणाली, “तुमच्यामुळं हे झालं, भाई.” त्यांनी ती वाटी संपवली आणि घरी आले.

लग्न झालं. भट्टी पेटली. मस्कतच्या व्यापाऱ्यानं दोन खेपा उचलल्या, तिसऱ्या खेपेला कळवलं की दुसरीकडून स्वस्त मिळतंय. नळ कुणी घेईना. अखेर ते पितळ भंगाराच्या भावानं गेलं.

हिशेब असा झाला. गोकळदासांनी आपला वाटा आधीच भट्टी विकून काढून घेतला. मनुभाईचं दुकान सावकाराकडे गेलं, त्याच दुकानात तो आता पगारावर गाठिया तळतो. हंसाबेननं डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे गेले. ती आता हातानं चाचपत पापड लाटते, दुसऱ्यांच्या घरी. हर्षिदाला सासरी उठता-बसता ऐकावं लागतं की तुझ्या बापाला कळत होतं, तर तो बोलला का नाही. माहेरी ती येत नाही. व्रजलालभाईंनी त्या कारखान्यात एक रुपया घातला नव्हता. त्यांचा एक रुपयाही गेला नाही.