तेल उडालं

"एसीत नुसता गॅस भरून द्या हो मिस्त्री. मला बहिणीकडे जायचंय."

मिस्त्रींनी बॉनेट उघडत मान हलवली. "बाई, बादलीला भोक असलं की वरून पाणी ओतून काय होणार? आज भरीन, पुढच्या महिन्यात पुन्हा याल. आधी गळती शोधू."

"तुमच्यापुढे कोण बोलणार! शाळेत मीही अशीच होते, पोरं वैतागायची." निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई खुर्ची ओढून बसल्या.

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या या गॅरेजची शिस्त सगळ्यांना ठाऊक होती. उरलेला गॅस हवेत सोडायचा नाही, मशीनने ओढून घ्यायचा. दारं सताड उघडी, जवळपास आग नाही. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. ही शिस्त मिस्त्रींनी दोघांना शिकवली होती: आपल्या मुलीला आणि हाताखालच्या एका होतकरू कारागिराला. पुढे त्याच कारागिराला त्यांनी जावई करून घेतलं आणि दुकान थाटून दिलं. मग फ्रिज, मग मोटारसायकल. मुलगी माहेरी यायची ती नवं मागणं घेऊन, आणि ते पुरवलं की परत जायची. घरात याला 'जावयाचा मान' म्हणत.

या खेपेला जावयाला हवं होतं ते गॅस ओढणारं मशीन. मिस्त्री टाळत होते. परवा मुलगी आली ती डाव्या हाताला पट्टी बांधून. "तेल उडालं," एवढंच ती म्हणाली. आईने मलम काढून दिलं आणि विषय संपवला.

मशीनने बाईंच्या गाडीतला उरलासुरला गॅस ओढून घेतला. मिस्त्रींनी नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला, आता जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं होतं.

"बाळा, जरा हात लाव. मोजे घाल आधी," त्यांनी मुलीला हाक मारली.

पट्टीवरून मोजा चढेना, म्हणून तिने पट्टी सोडली. मिस्त्रींचं लक्ष गेलं.

उडालेल्या तेलाचे ठिपके पडतात. इथे हाताच्या पाठीवर एकच सलग चट्टा होता, मधे पांढुरका, कडेला फोड. नळीतून द्रवरूप गॅस अंगावर आला की कातडी जागीच गोठते. धंद्यात असे डाग त्यांनी पाहिले होते. पण ते बोटाच्या टोकाएवढे, कारण माणूस झटक्यात हात मागे घेतो. एवढा मोठा डाग पडायला हात कुणीतरी दाबून धरावा लागतो.

मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. "तेल उडालं ना," ती सावकाश म्हणाली. म्हणाली आणि थांबली.

"जपून करावं स्वयंपाकघरात," मिस्त्री म्हणाले. मग वाकून त्यांनी जोडावर बोट ठेवलं. "सापडली हो बाई! हा बघा बुडबुडा. जोड बदलावा लागेल."

हात पुसत ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी फोन लावला.

तासाभरात जावई टेम्पो घेऊन दारात. "काय मामा! दोघांना न्यायला आलोय. बायकोला आणि मशीनला."

"या जावईबापू." मिस्त्री मशीनच्या नळ्या गुंडाळू लागले.

मुलीने ते पाहिलं. "बाबा, तुम्हाला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"ते तेल नव्हतं ते. माझा हात बघितल्या बघितल्या कळलं तुम्हाला. आणि तुम्ही ह्यालाच फोन केलात?"

"हळू बोल. गिऱ्हाईक बसलंय."

"गिऱ्हाइकाला नुसता गॅस भरून परत पाठवलं नाहीत तुम्ही."

"नाटकं पुरे," जावई म्हणाला. "बस गाडीत."

"संसारात भांड्याला भांडं लागतंच, बाळा," मिस्त्रींनी मशीन दाराकडे ढकललं. "हे दिलं की शांत होईल सगळं."

मुलगी जागची हलली नाही. बाई मात्र उठल्या.

"मिस्त्री, माझी गाडी चालेल ना?"

"चालेल, पण एसी नाही लागणार."

"काचा खाली करू. चल गं पोरी. बहीण काही पळून जात नाही, आधी पोलीस चौकीत जाऊ."

चौकीतल्या साहेबांनी हात पाहिला आणि मिस्त्रींना बोलावून घेतलं. ते आले, मागोमाग जावईही आला.

"तुमचं आयुष्य गेलं या कामात. सांगा, डाग तेलाचा की गॅसचा?"

मिस्त्रींनी दिवसात दुसऱ्यांदा तो हात पाहिला. मग जावयाकडे पाहिलं. "साहेब, मला त्यातलं काही कळत नाही."

मुलगी वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी नजर वर केली नाही. तेव्हा तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मी सांगते, लिहून घ्या. द्रवरूप गॅस लागला की कातडी गोठते. पांढरी पडते, मग कडेने फोड येतात. माणूस लगेच हात मागे घेतो, म्हणून डाग लहान असतो. माझा मोठा आहे, कारण माझं मनगट ह्याने धरून ठेवलं होतं."

साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"यांनी," ती म्हणाली, आणि तिने वडिलांकडे बोट केलं.